खांदेरीची लढाई पटावर खेळायला मिळाली पाहिजे

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

आपल्या बेळगावात दिवाळीला गल्लोगल्ली पोरं किल्ले करतात, शिवजयंतीच्या चित्ररथांना तर अख्खं गाव रात्रभर रस्त्यावर असतं, पण या सगळ्यात आरमार कुठं दिसतं सांगा? फार तर किल्ल्याच्या पायथ्याला निळा रंग आणि त्यात थर्माकोलची एक होडी, संपलं. 2025 च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यात सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि खांदेरी आहेत, स्टेटस सगळ्यांनी ठेवलं, पण खांदेरीला नेमकं झालं काय हे विचारलं तर शिकलेली माणसंही गप्प बसतात. म्हणून हे पत्र.

छोट्या लढाऊ बोटींच्या लढायांचे बोर्ड गेम असतात. षटकोनी घरांचा कागदी पट, पुठ्ठ्याच्या सोंगट्या, फासे आणि नियमांचं पुस्तक. टिळकवाडीत आम्ही काही मित्र रविवारी हे खेळतो, पोरंही येऊन बसतात. यात एक सोंगटी म्हणजे एक बोट, आणि बुद्धिबळासारखं तू चाल मग मी चालतो असं बऱ्याच गेममध्ये नसतंच, दोघांनीही आपापली चाल चिठ्ठीवर लिहायची, वेग किती, वळण किती, आणि चिठ्ठ्या एकदम उघडायच्या. बोट जाग्यावर थांबत नाही, जाग्यावर वळतही नाही. त्यामुळं समोरचा आत्ता कुठाय यापेक्षा पुढच्या मिनिटाला कुठं असेल याचा विचार करावा लागतो. टॉर्पेडोचंच, म्हणजे पाण्यातून जहाजावर सोडायच्या स्फोटक अस्त्राचंच घ्या की, 40 नॉटने (ताशी साधारण 74 किलोमीटर) सुटलेल्या टॉर्पेडोला एक किलोमीटर जायला पन्नासेक सेकंद लागतात, तेवढ्यात 20 नॉटने चाललेलं जहाज अर्धा किलोमीटर पुढं गेलेलं असतं. म्हणजे नेम रिकाम्या पाण्यावर धरायचा. वेग-अंतर-वेळेची गणितं शाळेत रडत रडत करणारी पोरं इथं पट्टी घेऊन आपणहून मोजायला बसतात, हे मी डोळ्यांनी बघतोय.

दुसरी गोष्ट अंधाराची. या लढाया बहुतेक रात्रीच्या, कोण कुठं आहे तेच कळत नाही. ऑगस्ट 1943 मध्ये सॉलोमन बेटांजवळ अमेरिकेच्या 15 पीटी बोटी, म्हणजे टॉर्पेडो सोडणाऱ्या छोट्या वेगवान बोटी, जपानी विनाशिकांवर गेल्या, रडार फक्त पुढच्या मोजक्या बोटींवर, त्या आपले टॉर्पेडो सोडून परत फिरल्या आणि मागच्या बोटी आंधळ्या झाल्या. 30 टॉर्पेडो सुटले, एकही नीट लागला नाही, उलट पुढं अमेरिकेचे अध्यक्ष झालेल्या केनेडींची पीटी-109 जपानी विनाशिकेखाली सापडून दुभंगली. हे वाचलं की त्यांचा मूर्खपणा वाटतो, पण पटावर तीच रात्र खेळून बघा, आपल्यालाही सोंगट्या एकत्र ठेवता येत नाहीत. मग मात्र 4 डिसेंबर 1971 ची आपली कराचीची मोहीम किती अवघड होती ते कळतं. निपात, निर्घात आणि वीर, दोन-अडीचशे टनांच्या तीन मिसाईल बोटी, प्रत्येकीवर चारच क्षेपणास्त्रं, आणि मुळात या बोटी किनाऱ्याच्या राखणीसाठी बनवलेल्या, लांबच्या पल्ल्याच्या नव्हेतच. तरी जाऊन, मारून, सगळ्या परत आल्या. आपण दरवर्षी नौदल दिन म्हणून तो दिवस पाळतो, पण त्या बोटींच्या कप्तानांपुढं काय काय प्रश्न होते ते भाषणातून कळत नाही हो.

आता खांदेरी. 1679 च्या पावसाळ्यात शिवाजी महाराजांनी आपल्या आरमारातले मायनाक भंडारी यांना पाठवून मुंबईच्या तोंडावरच्या त्या बेटावर तटबंदी सुरू केली. इंग्रज आपली जहाजं घेऊन बेटाला वेढा द्यायला आले. त्यांच्याकडं रिव्हेंजसारखं तोफांचं मोठं जहाज, पण त्याला वारा पाहिजे, खोल पाणी पाहिजे, आणि आपल्या होड्या उथळ बुडाच्या, वल्ह्यांवर चालणाऱ्या, रात्री काळोखात, वारा समोरून असला तरी दगड आणि रसद बेटावर नेऊन पोचवायच्या. 18 ऑक्टोबरला महाराजांचे आरमारी सरदार दौलतखान यांचं आरमार अलिबागजवळच्या नागावच्या बाजूनं बाहेर पडलं, इंग्रजांचं डव्ह जहाज आपल्या हाती लागलं, त्यांच्या बाकीच्या होड्या पळाल्या, रिव्हेंज मात्र एकटं लढून टिकलं. हे पण सांगितलं पाहिजे, कारण शत्रूला दुबळा दाखवला तर आपल्या माणसांनी काय केलं ते कळणारच नाही. शेवटी किल्ला झाला तो झालाच. जहाजं किती बुडवली यावर हा डाव ठरत नाही, रसद पोचली की नाही यावर ठरतो, आणि म्हणूनच पटावर खेळायला यासारखा विषय नाही. एकानं पहाऱ्याची जहाजं चालवायची, दुसऱ्यानं होड्या, वाऱ्याची दिशा फाशावर, वल्हेकरी दमले की वेग कमी. इंग्लिश खाडीतल्या आणि पॅसिफिकमधल्या बोटींवर इतके गेम निघालेत आणि आपल्या आरमारातल्या गुराब-गलबत जहाजांवर मराठीत साधा एक कागदी पट बाजारात मिळत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पोरांना लढाईचे खेळ कशाला असं काही पालक म्हणायलेत. त्यांना 1942 चं लिव्हरपूल सांगतो. तिथं ब्रिटिश नौदलाचे कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्स यांनी खोलीच्या फरशीवर खडूने समुद्र आखला, खेळ चालवायला बहुतेक तरुण मुली, अधिकाऱ्यांना पडद्याआडून फटीतून बघायला लावायचे, म्हणजे समुद्रावर जेवढं दिसतं तेवढंच दिसावं. त्यातून जर्मन पाणबुड्या मालवाहू जहाजांच्या काफिल्याच्या आत शिरून मारतात हे उमगलं आणि त्यावरचा डावही तिथंच निघाला. हा काय टाईमपास होता?

तर साहेब विनंती एवढीच, दिवाळीच्या आधीच्या रविवारी पुरवणीच्या मधल्या जोड पानावर खांदेरीचा पट छापा, बेट, खडक, नागावची खाडी, कडेला सोंगट्या कापून पुठ्ठ्यावर चिकटवायच्या. लग्नपत्रिकेचा जाड कागद त्याला एकदम चालतो, आम्ही तोच वापरतो. नियम दोन पानांत बसतील, मराठीत आणि कन्नडमध्येही द्यावेत, कारण गल्लीत दोन्ही घरची पोरं एकत्रच खेळतात. किल्ला स्पर्धा घेणाऱ्या मंडळांनी जलदुर्गाला वेगळा गट ठेवावा, आणि आपल्या वाचनालयांनी, निपाणी-खानापूरच्या सुद्धा, रविवारी एक टेबल मोकळं द्यावं. नियमांचा कच्चा मसुदा आमच्याकडं तयार आहे, कळवलंत तर टाईप करून ऑफिसात आणून देतो.

आपला,
एक नियमित वाचक, टिळकवाडी, बेळगाव