रूझवेल्ट घराण्याची मधली दीडशे वर्षे

संपादक महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत अमेरिकेतील डच वंशाच्या रूझवेल्ट घराण्यावर नुकताच प्रसिद्ध झालेला लेख मी लक्षपूर्वक वाचला. मराठी वृत्तपत्राने अशा विषयाला पानभर जागा दिली, याचा मनापासून आनंद झाला. मात्र सतराव्या शतकात आलेल्या मूळ पुरुषावरून लेख थेट थिओडोर आणि फ्रँकलिन या दोन अध्यक्षांवर येतो, आणि स्थलांतरित कुटुंबे ‘चटकन अमेरिकी होतात’ याचा दाखला म्हणून या घराण्याकडे बोट दाखवतो. या घराण्याचा इतिहास नेमके याच्या उलट सांगतो, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

क्लास मार्टेन्सन फान रोझेनवेल्ट हा शेतकरी 1650 च्या सुमारास अमेरिकेतील न्यू ॲमस्टरडॅम या डच वसाहतीच्या गावात राहत होता. त्याच्या पूर्वायुष्याविषयी फारसे काही ठाऊक नाही. खुद्द फ्रँकलिन रूझवेल्ट यांनाही 1935 मध्ये आपल्या मूळ कुळाविषयी विचारणा झाली, तेव्हा हॉलंडहून आलेल्या या पूर्वजाच्या पलीकडचे काही सांगता आले नाही. त्याचा मुलगा निकोलस 1658 मध्ये जन्मला आणि अगदी लहानपणीच आईवडिलांना पारखा झाला. डच रिवाजाप्रमाणे अनाथ मुलांच्या वाट्याची मालमत्ता राखण्यासाठी त्या गावात स्वतंत्र अधिकारी नेमलेले असत, ही गोष्ट अशा मुलांच्या दृष्टीने किती मोलाची होती, याची कल्पना आज सहज येत नाही. निकोलस सहा वर्षांचा असताना, 1664 मध्ये, इंग्रजांनी गाव ताब्यात घेतले आणि त्याचे न्यूयॉर्क झाले.

लेखात या सत्तांतराला एकच वाक्य मिळाले आहे आणि तिथून पुढे सर्व डच मंडळी जणू आपोआप इंग्रज झाली, असा वाचकाचा समज होतो. प्रत्यक्षात शरणागतीच्या करारातच डच रहिवाशांना आपल्या पद्धतीने उपासना करण्याचे आणि वारसाहक्काचे आपले रिवाज पाळण्याचे स्वातंत्र्य राखून ठेवलेले होते. डच रिवाजात नवराबायको मिळून एकच मृत्युपत्र करीत आणि मुलींनाही मुलांच्या बरोबरीने वाटा मिळे. लग्नानंतरही स्त्री माहेरच्या नावाने ओळखली जाई. निकोलसने हडसन नदीकाठच्या इसोपस भागात काही वर्षे फरचा व्यापार केला, तिथून तो शहरात परतला आणि 1742 मध्ये वारला. त्याच्या योहानेस आणि याकोबस या मुलांपासून घराण्याच्या दोन शाखा झाल्या. पहिल्या शाखेत पुढे थिओडोर जन्मले, दुसरीत फ्रँकलिन.

न्यूयॉर्क शहराच्या डच रिफॉर्म्ड चर्चमध्ये इंग्रजीतून प्रवचने सुरू झाली ती 1764 मध्ये, म्हणजे इंग्रजी अंमल येऊन शंभर वर्षे लोटल्यावर, आणि तीही मंडळींतील अनेकांच्या कडव्या विरोधाला न जुमानता. थिओडोर यांचे आजोबा कॉर्नेलियस यांचा जन्म 1794 चा. ते लहान असेपर्यंत शहराच्या चर्चमध्ये डच भाषेतील उपासना सुरू होती आणि तरुणपणी ते स्वतःही थोडीफार डच बोलत, असे थिओडोर यांनीच आत्मचरित्रात नोंदवले आहे. कॉर्नेलियस ही क्लासपासूनची सहावी पिढी. इंग्रज आले आणि गेले, वसाहतींचे स्वतंत्र राष्ट्र झाले, दुसऱ्या शाखेतील साखरशुद्धीचा कारखानदार आयझॅक रूझवेल्ट 1788 मध्ये नव्या राज्यघटनेला मान्यता देणाऱ्या न्यूयॉर्कच्या परिषदेत बसला, तरीही त्या घराण्यातून डच भाषा पुरती गेलेली नव्हती. याच आत्मचरित्रातील आणखी एक तपशील मला फार हृद्य वाटतो. थिओडोर यांना जी काय डच येत होती ती एका बालगीतापुरती, आणि ते गीत त्यांना शिकवले ते आजीने, जी स्वतः डच नव्हती. पुढे पूर्व आफ्रिकेत त्यांना भेटलेल्या, मूळच्या डच वंशाच्या बोअर वसाहतकरांपैकी अनेकांना ते गीत ठाऊक निघाले. सुनेने जपलेली ही शेवटची ओळ पुरुषांच्या वंशावळीत कुठे मांडायची, हा प्रश्न घराण्याचा इतिहास लिहिणाऱ्या प्रत्येकाने स्वतःला विचारायला हवा.

हेच थिओडोर रूझवेल्ट 1915 मध्ये न्यूयॉर्कच्या एका सभेत म्हणाले की, मूळ देशाचे नाव आपल्या ओळखीला जोडून मिरवणाऱ्या अमेरिकी माणसाला या देशात जागा नाही. आणि मृत्यूच्या तीनच दिवस आधी, जानेवारी 1919 मध्ये लिहिलेल्या पत्रात त्यांनी बजावले की, या देशात एकाच भाषेला जागा आहे आणि ती इंग्रजी. महायुद्धाचे वातावरण लक्षात घेऊनही या विधानांचा मला खेद वाटतो. त्यांच्या कुटुंबाला जी सवड पाच-सहा पिढ्या मिळाली, ती नुकत्याच उतरलेल्या जर्मन किंवा इटालियन कुटुंबाला एका पिढीचीही देण्यास ते तयार नव्हते. आपल्या लेखाने तर त्यांची अपेक्षाच इतिहास म्हणून मांडली आहे.

ही सवड त्या काळीही सर्वांना सारखी मिळाली नव्हती, आणि याबद्दल लेखातील मौन मला सर्वाधिक खटकले. रूझवेल्ट घराण्याच्या समृद्धीत गुलामगिरीचा वाटा होता. 1741 मध्ये न्यूयॉर्कमध्ये गुलामांच्या कटाच्या संशयावरून जे खटले चालले, त्यांत जिवंत जाळल्या गेलेल्यांमध्ये जॉन रूझवेल्टच्या मालकीचा क्वॅक हा गुलाम होता. साखरेच्या धंद्यात लागणारा कच्चा माल कॅरिबियन बेटांवरील गुलामांच्या श्रमातूनच येई. पुढे सोजर्नर ट्रूथ या नावाने गुलामगिरीविरोधी कार्यकर्ती म्हणून जगप्रसिद्ध झालेली इझाबेला, जिथे निकोलसने एके काळी फरचा व्यापार केला त्याच परिसरात, 1797 च्या सुमारास एका डच कुटुंबाच्या गुलामगिरीत जन्मली. तिची पहिली भाषा डचच होती. सुमारे नऊ वर्षांची असताना तिला मेंढ्यांच्या कळपासह एका इंग्रजीभाषक मालकाला विकण्यात आले आणि त्याचे हुकूम समजत नाहीत म्हणून तिने निर्दय मार खाल्ला. डच बोलणारी दोन मुले, कॉर्नेलियस आणि इझाबेला, जवळपास एकाच वयाची. एकाची भाषा सावकाश मागे पडली, तर दुसरीची चाबकाने बदलवली गेली. न्यूयॉर्क राज्यात गुलामगिरी पूर्णपणे संपली ती 1827 मध्ये.

फ्रँकलिन यांच्याबाबत लेखातील बायबलचा उल्लेख योग्य आहे, पण तो अपुरा वाटतो. 1933 पासून चारही वेळा त्यांनी शपथ घेतली ती 1686 मध्ये छापलेल्या घरच्या डच बायबलवर. हार्वर्डमध्ये शिकताना त्यांनी आपल्या घराण्याच्या न्यू ॲमस्टरडॅममधील दिवसांवर निबंध लिहिला होता, आणि अध्यक्ष झाल्यावर न्यूयॉर्क राज्यातील आपल्या हाइड पार्क या गावाच्या परिसरातील टपाल कार्यालये जुन्या डच घरांसारखी दगडी बांधली जावीत म्हणून स्वतः लक्ष घातले. आठव्या पिढीतील माणूस हे सारे हौसेने करू शकला, कारण तोवर त्याच्या अमेरिकी असण्याबद्दल कोणी शंका घेत नव्हते. त्यांच्या आईचे डेलानो घराणे तर हॉलंडच्या लायडन शहरातील फ्रेंचभाषक निर्वासितांच्या वंशातले आणि 1621 मध्येच अमेरिकेतील प्लिमथ वसाहतीत पोहोचलेले. तेव्हा त्यांना केवळ डच म्हणणे हाही आडनावाच्या ओघात होणारा अन्यायच आहे.

लेखाच्या शेवटी पुढील भागाची घोषणा आहे. त्या भागात निकोलसपासून कॉर्नेलियसपर्यंतच्या दीडशे वर्षांना, त्या घरांतील सुनांना आणि त्या घरांत राबलेल्या गुलामांना जागा मिळावी, अशी माझी विनंती आहे. त्यासाठी अध्यक्षीय कारकिर्दींचा मजकूर निम्म्याने कमी करावा लागला तरी चालेल, कारण तो मराठीत अन्यत्र वाचायला मिळतो.

आपला,
एक नियमित वाचक