गोविंदा आमच्या पारावर आला कुठून?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला टीव्हीवरच्या बक्षिसांच्या खेळांचा जर-तरचा इतिहास वाचला. कल्पना छान, भाषा खुसखुशीत, या खेपेला फोटोखालची नावंही बरोबर. पण २००० साली बच्चननी सूत्रसंचालनाला नकार दिला, ‘कौन बनेगा करोडपती’ पडला, गोविंदा ‘जीतो छप्पर फाड के’ घेऊन पुढे निघाला आणि विदर्भातल्या खेड्याखेड्यांत, पारापारावर रात्री नऊला त्याचाच आवाज घुमू लागला, इथपर्यंत आलो आणि पेपर घडी करून ठेवला. लेखक महाशयांनी पार पाहिला असेल. ॲन्टेना पाहिलेला दिसत नाही.

जर-तर लिहायला हरकत नाही. पण त्यात एकच गोष्ट बदलायची असते, बाकीचं जग होतं तसं ठेवायचं असतं. तुम्ही बच्चन काढले आणि कुणाला न सांगता गावोगावी केबलही टाकून दिली! हे खेळ दाखवणाऱ्या स्टार प्लस, झी, सोनी या तिन्ही केबलवरच्या वाहिन्या. तालुक्याच्या गावी केबल होती, तिथून आठ-दहा किलोमीटर आत गेलं की दूरदर्शन आणि फक्त दूरदर्शन. केबल पुढे सरकत नव्हती याला कारण होतं. वायर जितकी लांब तितका सिग्नल मरतो, म्हणून दर काहीशे मीटरवर ॲम्प्लिफायर बसवावा लागतो आणि त्याला वीज लागते. भारनियमनात मधल्या खांबावरचा एक ॲम्प्लिफायर बंद पडला की पुढचे सगळे टीव्ही आंधळे, मग त्यांच्या घरी लाइट असो की नसो. एवढा खटाटोप तीस-चाळीस घरांच्या वर्गणीत कोण करणार?

मग होतं काय? बांबूवर बांधलेला ॲन्टेना, त्याची एखादी कांडी वानरांनी वाकवलेली, खाली उतरणारी चपटी वायर आणि पडद्यावर मुंग्या. लाइट गेली की बारा व्होल्टवर चालणारा चौदा इंची ब्लॅक अँड व्हाइट सेट ट्रॅक्टरच्या बॅटरीला जोडायचा. लाल चिमटा धन टोकाला, काळा ऋण टोकाला. घाईत उलटे लागले की फ्यूज उडालाच. रंगीत सेट असा चालत नसे, त्यामुळे गावातला श्रीमंत भारनियमनात गरिबाच्या ओसरीवर येऊन बसायचा. त्या सेटवर गोविंदा दिसला असता तर तो फक्त दूरदर्शनच्या शुक्रवार-शनिवारच्या सिनेमात.

खेड्याचा स्पर्धेचा कार्यक्रम म्हणाल तर तो दूरदर्शनवरचा ‘सुरभि’. तुमच्या दोन पानी लेखात त्याचे सूत्रसंचालक सिद्धार्थ काक आणि रेणुका शहाणे यांना एक ओळसुद्धा नाही. शेवटी प्रश्न यायचा, पडद्यावर पत्ता यायचा, तो पुसायच्या आत उतरवून घ्यायचा आणि पोस्टकार्ड टाकायचं. कार्ड १५ पैशांचं. फोन नको, इंग्रजी नको, मुंबईला ओळख नको. एका आठवड्यात १४ लाखांच्या वर पत्रं आली होती. पोस्टमन वाकले, आणि डाक खात्याने स्पर्धेसाठी वेगळं कार्ड काढलं, किंमत २ रुपये. म्हणजे तेरा पटीहून जास्त! खरा जर-तर इथं आहे साहेब. ते कार्ड १५ पैशांचंच राहिलं असतं तर काय झालं असतं, यावर लिहा.

कारण ३ जुलै २००० ला ‘करोडपती’ सुरू झाला तेव्हा आत जायची वाट फोनची होती. शहरात घरोघरी फोन, आमच्याकडे गावाला एक एसटीडी बूथ, तोही पावसाळ्यात डेड. मीटर पळतोय, लाइन लागत नाही, मागे चार जण उभे. तिथं खुर्चीवर बच्चन बसलेत की आणखी कोणी, याने आमच्या माणसाला काय फरक पडणार होता? मूळ बेत ‘कौन बनेगा लखपती’चा होता आणि स्टारचे मालक रुपर्ट मर्डोक यांनी लाखाचा कोटी करायला लावला, असं सांगतात. लेखात तेही नाही. तो आकडा लाखावरच राहिला असता तर निदान त्यावर घटकाभर विचार तरी करता आला असता.

सूत्रसंचालकामुळेच सगळं, हे तुमचं सूत्रही टिकत नाही. झीने त्याच वर्षी ‘सवाल दस करोड का’ आणला. बक्षीस दहापट, सूत्रसंचालक एक नव्हे दोन, अनुपम खेर आणि मनीषा कोईराला. वर्षभरही टिकला नाही. उलट ‘करोडपती’ची तेव्हाची शिडी पाहा. १५ प्रश्न, रक्कम साधारण दुप्पट होत जाणारी, आणि १०,००० व ३,२०,००० हे दोन पक्के टप्पे. सहा लाख चाळीस हजारांवर उभा असलेला माणूस पुढचा प्रश्न चुकला तर थेट ३,२०,००० वर यायचा, आणि खेळ सोडला तर सहा चाळीस खिशात. सगळा जीव त्या दरीत होता. बच्चनचा आवाज ती दरी खोल करतो हे कबूल, पण दरी खणली ती १९९८ साली इंग्लंडात मूळ खेळ रचणाऱ्यांनी.

२०१९ साली आपल्याच जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे ‘करोडपती’त एक कोटी जिंकल्या. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या, महिन्याचं मानधन दीड हजार. सात कोटींच्या प्रश्नापर्यंत गेल्या आणि तिथं शहाणपणाने थांबल्या. सूत्रसंचालक तेच, शिडीही जवळपास तीच. मधल्या एकोणीस वर्षांत घरांवर डिशच्या छत्र्या आल्या आणि हातात मोबाइल आला. घरात एकच मोबाइल आहे, असं त्यांनी तिथं सांगितलं होतं. एकच होता, पण होता. अमरावती जिल्ह्यात खपणाऱ्या पेपराने या विषयावर दोन पानं लिहावीत आणि त्यांचं नाव नसावं, याला काय म्हणावं ते तुम्हीच ठरवा.

‘खुल जा सिम सिम’ या दारांच्या खेळाबद्दलची चौकट तर कळसच. तीन दारं, एकामागे बक्षीस; खेळाडूने एक निवडल्यावर सूत्रसंचालकाने दुसरं एक रिकामं दार उघडलं की उरलेल्या दोनांत अर्धी-अर्धी संधी, असं छापलंय. चूक. पहिल्यांदा निवडलेल्या दारामागे बक्षीस असण्याची शक्यता तीनात एक. सूत्रसंचालकाला बक्षीस कुठे आहे ते माहीत असतं आणि तो ठरवून रिकामंच दार उघडतो, म्हणून उरलेले दोन-तृतीयांश सगळेच्या सगळे तिसऱ्या दाराकडे जातात. दार बदलावं. त्याला माहीत नसेल, त्याने अंदाजाने दार उघडलं आणि ते नशिबाने रिकामं निघालं, तरच अर्धं-अर्धं. सूत्रसंचालकावर खरोखर काही अवलंबून असलेली जागा ही, आणि नेमकी तीच तुमच्या हातून सुटली. (अमेरिकेच्या मूळ खेळात सूत्रसंचालक माँटी हॉल दर वेळी दार बदलू देतच असे असंही नाही.) १९९० मध्ये अमेरिकेतल्या स्तंभलेखिका मेरिलिन व्हॉस सॅव्हंट यांनी हे उत्तर दिलं तेव्हा त्यांना दहा हजारांच्या आसपास पत्रं आली, बहुतेक ‘तुम्ही चुकलात’ सांगणारी, त्यांत हजारभर डॉक्टरेटवाले. बरोबर बाईच होत्या. पत्रलेखक नेहमी बरोबर असतात असा माझाही दावा नाही, पण चौकट दुरुस्त करा.

पुरवणीचा विषय निघालाच आहे तर तिच्यातल्या प्रश्नमंजूषेचंही सांगतो. डाक आवृत्तीची रविवारची पुरवणी आमच्याकडे सोमवारी सकाळच्या एसटीने येते. कूपनावर छापलेलं असतं, ‘मंगळवारी सायंकाळी ५ पर्यंत कार्यालयात पोहोचले पाहिजे, झेरॉक्स चालणार नाही’. गावातली पेटी दुपारी उघडते, थैली संध्याकाळी तालुक्याला, तिथून नागपूर. कार्ड लवकरात लवकर बुधवारी. विजेत्यांची यादी दर आठवड्याला शहरातल्या लेआउटांचीच का असते, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही का? पोहोचल्याची तारीख धरू नका, टपालाच्या शिक्क्याची धरा. आणि शाखा डाकघराचा शिक्का फिका उमटतो, तेव्हा तालुक्याचा शिक्का चालेल असंही छापा.

आपला,
एक वाचक
ता. दर्यापूर, जि. अमरावती