हिंदमाता, अंधेरी सबवे आणि तो गुणाकार

संपादक महोदय,
पावसाळा आला की शक्यतेचे टक्के सगळेच सांगत सुटतात, त्याला हरकत नाही, पण दोन आकडे दिसले की लोक लगेच गुणाकार करून मोकळे होतात ते काय पटत नाही. समजा (आकडे माझ्या मनाचे), मुंबईत मुसळधार पावसाच्या दिवशी परळजवळच्या हिंदमाता चौकात पाणी तुंबायची शक्यता ६० टक्के आणि अंधेरी सबवे (रेल्वेखालचा रस्ता) भरायची ७०. मग दोन्ही एकाच दिवशी? ६० गुणिले ७०, ४२ टक्के, झालं! पण हे कधी चालतं, तर एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नसेल तेव्हा. इथे ढग एकच, समुद्राची भरती एकच, मग संबंध नाही कसा?

नुसत्या या दोन आकड्यांवरून नक्की उत्तर निघतच नाही, रेंज निघते. असे १०० दिवस धरा. हिंदमाता ४० दिवस कोरडं. सबवे भरलेल्या ७० दिवसांपैकी हे ४० च्या ४० कोरडे दिवस वजा केले तरी ३० उरतात, त्या दिवशी दोन्हीकडे पाणी असणारच, सुटका नाही. आणि जास्तीत जास्त ६०, कारण हिंदमाताच तेवढे दिवस भरतं. म्हणजे ३० ते ६०. पाऊस एकच असल्यामुळे खरा आकडा ४२ च्या वरच असावा असं आपलं मला वाटतं. (शक्यता ३० आणि ४० असत्या तर खालची मर्यादा शून्य, बेरीज शंभरच्या पुढे जात नाही ना.) यात नवीन काही नाही, जॉर्ज बूल या इंग्रज गणितज्ञाने १८५४ सालीच असल्या मर्यादांवर लिहून ठेवलंय, पुढे फ्रेशे या फ्रेंच गणितज्ञाचंही नाव त्याला लागलं.

आता गंमत बघा. परळला राहून अंधेरीला टॅक्सीने कामाला जाणाऱ्याला दोन्हीकडे पाणी भरायची गरजच नाही, एकीकडे भरलं तरी त्याचा लेटमार्क पक्का, आणि निदान एकीकडे भरायची शक्यता १३० वजा दोन्हीकडची, म्हणजे ७० ते १००. दोन्ही ठिकाणं जितकी एकदम बुडतील तितके त्याचे लेटमार्क कमी!

भरतीचं मात्र तसं नाही हां, तिची वेळ आणि उंची वेळापत्रकात आधीच छापलेली असते, तिथे शक्यता फक्त पावसाची. त्यामुळे दोन टक्केवाऱ्या छापाल तेव्हा खाली ही रेंजही छापा, एक ओळ तर लागते.

– एक वाचक, परळ