घरी बांधलेल्या गाडीलाही तपासणीचा दरवाजा हवा

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

भंगारातून गाडी बनवणाऱ्या कारागिरांची छायाचित्रे आपल्या जिल्ह्यातील वृत्तपत्रांत अधूनमधून प्रसिद्ध होतात आणि वाचक कौतुकाने ती एकमेकांना दाखवतात. त्या गाडीचे पुढे काय झाले, हे मात्र सहसा छापून येत नाही. माझे पलूसला गेली सत्तावीस वर्षे वर्कशॉप आहे, लेथ आणि वेल्डिंग हेच माझे पोट आहे, आणि अशी एक गाडी सध्या माझ्याच शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

डिसेंबर २०२१ मध्ये कडेगाव तालुक्यातील देवराष्ट्रे येथील एका कारागिराची छोटी जीप देशभर गाजली. तिला दुचाकीसारखी किक होती आणि सुमारे साठ हजार रुपयांत ती तयार झाली होती. आनंद महिंद्रा यांनी तिचे जाहीर कौतुक केले, पण ही गाडी नियमांत बसत नाही आणि स्थानिक यंत्रणा आज ना उद्या ती थांबवेल, हेही त्यांनी त्याच वेळी लिहिले. पुढच्या महिन्यात त्यांनी त्या कुटुंबाला बोलेरो दिली आणि ती जीप कंपनीच्या संशोधन केंद्रात ठेवण्यासाठी नेली. त्या कुटुंबाचे भले झाले याचा आनंद आहेच. पण कारागिराने बांधलेली गाडी रस्त्यावर आणण्याचा कोणताही मार्ग नसल्यामुळे तिला दुसरी गाडी देऊन सोडवावे लागले, ही गोष्ट त्या कौतुकात हरवून गेली. प्रत्येक गावातल्या प्रत्येक पोराला अशी बोलेरो मिळणार नाही.

माझ्या भाच्याने आयटीआयचा फिटर कोर्स केला आणि त्यानंतर सुट्टीच्या दिवशी काम करत दोन वर्षांत एक दोन आसनी गाडी उभी केली. सव्वा इंची सीमलेस पाइपचा सांगाडा, अपघातात मोडलेल्या मारुती ८०० चे इंजिन आणि गिअर बॉक्स, त्याच गाडीचे हब व ब्रेक, आणि पत्र्याचे काम सगळे हाताचे. सुरुवातीला त्याने स्टेअरिंगचा दांडा लांबीला कमी करताना दोन तुकडे टोकाला टोक लावून जोडले होते. वरून टाका देखणा दिसत होता, पण स्टेअरिंगवर असा टाका मी चालू देणार नव्हतो. तो कापायला लावला, लेथवर बाहेरून घट्ट बसणारी बाही करून घेतली, तिच्या भोकांतून आणि दोन्ही कडांना वेल्डिंग केले, आणि मगच गाडी जमिनीवर उतरवली. पुढे एका बंद मैदानावर खडूच्या रेषा मारून ब्रेक तपासला, तेव्हा चाळीसच्या वेगाला गाडी डावीकडे ओढत होती. उजव्या चाकाच्या सिलिंडरमधला पिस्टन अडकत होता. तो बदलल्यावर गाडी सरळ थांबू लागली. हे दोन दोष आमच्या लक्षात आले. तिसरा एखादा राहिला असेल, तर तो शोधून काढणारे, चारही चाकांचा ब्रेक वेगवेगळा मोजणारे यंत्र आणि ते वाचणारा माणूस आम्हाला हवा होता.

त्यासाठी आम्ही परिवहन कार्यालयात गेलो. तिथल्या अधिकाऱ्यांनी आम्हाला अपमानाने वागवले नाही. त्यांनी एवढेच सांगितले की पासिंगसाठी विक्री प्रमाणपत्र आणि उत्पादकाचे योग्यता प्रमाणपत्र, म्हणजे नमुना २१ व २२, लागतात, आणि ती दोन्ही कागदपत्रे कंपनी देते. आमची कंपनी कोणती, या प्रश्नाला उत्तर नव्हते. केंद्रीय मोटार वाहन नियम १२६ नुसार नव्या गाडीच्या नमुन्याची चाचणी पुण्याची एआरएआय, सीआयआरटी किंवा अहिल्यानगरची व्हीआरडीई अशा संस्थांकडून करून घ्यावी लागते, पण तो नियम उत्पादक आणि आयातदार यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेला आहे. कंपनी एका नमुन्याच्या चाचणीचा खर्च पुढे निघणाऱ्या हजारो गाड्यांवर विभागते. ज्याला आयुष्यात एकच गाडी बांधायची आहे, त्याने तो खर्च कशावर विभागायचा?

जुन्या गाडीत मोठे फेरफार करणाऱ्यांची अवस्था याहून बरी नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ असे सांगते की उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निकालात हेच ठामपणे अधोरेखित केले. रंग बदलणे किंवा त्याच बनावटीचे इंजिन बसवणे रीतसर नोंद करून जमते, सांगाडा कापणे जमत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगीशिवाय केलेल्या प्रत्येक फेरफाराला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. जीपचे छत कापून, पाटे वाढवून, रुंद टायर घालून हिंडणाऱ्या हौशी मंडळींना ही शिक्षा झाली तर माझी तक्रार नाही, कारण त्यांच्या गाड्यांचे टाके मी पाहिले आहेत.

पण सरसकट बंदी असली की प्रामाणिक माणूस घरी बसतो आणि दुसरा माणूस आडवाट शोधतो, हे मी स्वतः अनुभवले. कार्यालयाबाहेर भेटलेल्या एका गृहस्थाने भाच्याला सुचवले की भंगारात गेलेल्या गाडीचे आरसी बुक मिळवून देतो, तिचा चेसी नंबर तुझ्या सांगाड्यावर ठोकून घे, कुणी विचारणार नाही. भाच्याने नकार दिला. सगळेच देतील याची खात्री कोण देईल? असा चोरून नंबर घेतलेला सांगाडा एकदा रस्त्यावर आला, की त्याचे वेल्डिंग कुणीच कधीच तपासत नाही.

कायद्याला अशी दारे उघडता येतात, याचे पुरावे कायद्यातच आहेत. सीएनजीची किट आधी मंजूर करून घ्यायची, ती अधिकृत केंद्रात बसवायची आणि नोंदणीत त्याची नोंद करायची, ही पद्धत आता गावोगाव रुळली आहे. जुनी गाडी विजेवर चालवण्यासाठी बसवायच्या किटसाठी एआयएस-१२३ हे मानक आहे. दिव्यांग व्यक्तींसाठी बदललेल्या वाहनांना कायद्याने स्वतंत्र ओळख दिली आहे. आणि मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते २०२१ चे जुन्या दुर्मीळ गाड्यांचे नियम. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या दुचाकी-चारचाकींना ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नंबर प्लेट मिळते, आणि प्रदर्शन, संशोधन, रॅली, इंधन भरणे व दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती गाडी रस्त्यावर आणता येते. म्हणजे रोजच्या वापराला बंदी ठेवूनही नोंदणी देता येते, हे सरकारने मान्य केलेले आहे. तीच चौकट घरी बांधलेल्या गाडीला लावता येईल.

ब्रिटनमध्ये यासाठी ‘वैयक्तिक वाहन मंजुरी’ची पद्धत आहे आणि २००९ पासून ती मोटारींना लागू आहे. एखाद्याने धंदा म्हणून नव्हे, तर स्वतःच्या वापरासाठी गाडी बांधली, तर सरकारी निरीक्षक त्या एका गाडीचे ब्रेक, स्टेअरिंग, सीटबेल्टचे आधार, आरसे, दिवे, धूर हे सारे तपासतो. बाहेरच्या बाजूच्या, माणसाला लागू शकतील अशा कडा किमान अडीच मिलिमीटर त्रिज्येने गोल केलेल्या असाव्या लागतात, एवढ्या बारकाव्यापर्यंत ही तपासणी जाते. नापास झाली तर उणिवांची यादी हातात मिळते आणि दुरुस्त करून गाडी पुन्हा आणता येते. जुन्या भागांमुळे गाडीचे वय वा ओळख ठरवता येत नसेल, तर तिला ‘क्यू’ अक्षराचा नंबर देतात, म्हणजे पाहणाऱ्याला ती काय आहे ते लगेच कळते. यात सवलत कसलीच नाही, उलट ही तपासणी कडक आहे.

आपल्याकडे हे सुरू करायला माणसांची वानवा नाही. सांगलीत वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ पासून आहे. धातू आणि यंत्रे जाणणारे प्राध्यापक आणि योग्यता तपासणीचे निरीक्षक यांनी मिळून महिन्यातून एक दिवस ठेवला, तरी जिल्ह्याची गरज भागेल. माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे की तपासणी दोनदा व्हावी, एकदा नुसता सांगाडा उघडा असताना आणि एकदा गाडी पूर्ण झाल्यावर, कारण रंग आणि पत्रा चढला की पोकळ टाका कुणालाच दिसत नाही. वेगाची मर्यादा घालावी, महामार्ग बंद ठेवावा, त्रयस्थ पक्षाचा विमा सक्तीचा असावाच, आणि अशी गाडी विकण्यावर काही वर्षे निर्बंध ठेवावेत. नियम १२६ मध्ये एकट्या गाडीसाठी पोटनियम घालणे केंद्राच्या हाती आहे. सातारा-सांगलीच्या खासदारांनी हा विषय लोकसभेत मांडावा, अशी आपल्यामार्फत विनंती करतो.

याच पलूस तालुक्यात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडलजवळच्या माळावर कारखाना उभा केला आणि लोखंडी नांगर घडवले. पाना धरून मोठी झालेली ती परंपरा आमच्या वर्कशॉपपर्यंत आलेली आहे, म्हणूनच भाच्यासारखी पोरे रात्री जागून सांगाडे जोडतात.

भाच्याला त्याच्या गाडीचे कौतुक नको आहे. त्याला एखाद्या जाणत्या निरीक्षकाने ताडपत्री काढून, खाली वाकून, हातोडीने टाके ठोकून पाहावेत आणि जे चुकले असेल ते लेखी द्यावे, एवढेच हवे आहे. आम्ही ते दुरुस्त करून पुन्हा आणू.

आपला,
एक वर्कशॉपचालक,
पलूस, जि. सांगली