खोली थंड झाली, फळ झालं का?

संपादक महाशय,

नाशपती बेचव किंवा पिठूळ निघाली की दोष बागेला नाहीतर जातीला दिला जातो. पुष्कळदा ती तोडणीनंतर बिघडलेली असते, म्हणून हे पत्र.

बार्टलेट, आंजू, कोमिस या युरोपीय जाती झाडावर पिकू देत नाहीत. त्या गाभ्याकडून मऊ होत येतात; वरून फळ टणक आणि कापल्यावर आत तपकिरी लगदा, असा प्रकार होतो. म्हणून फळ तयार पण कडक असतानाच उतरवतात. उतरवल्यावरही त्याचं श्वसन चालूच राहतं, आणि गर जितका गरम तितकं ते जोरात. सावलीत पडून राहिलेला एक दिवसही पुढे साठवणुकीच्या दिवसांतून वजा होतो.

शीतगृहाच्या भिंतीवरचा आकडा इथे फसवतो. हवा शून्यावर आली तरी गच्च रचलेल्या थप्पीच्या पोटातलं फळ दुसऱ्या दिवशीही कोमट असू शकतं. थर्मामीटरची सळई थप्पीच्या मधल्या फळात, गाभ्यापर्यंत खुपसूनच तापमान बघावं. पेट्यांची भोकं एका रेषेत ठेवून पंख्याने हवा त्यांतून ओढली, तर दिवसांचं काम तासांत होतं.

गर उणे 1 ते 0 अंशांवर आणि आर्द्रता 90 ते 95 टक्के हवी. आर्द्रता घसरली की आधी देठाजवळची मान सुरकुतते. उणे 2 च्या आसपास फळ गोठू लागतं, त्यामुळे यंत्र अचूक लागतं. पण त्या भीतीने 4-5 अंशांवर ठेवणं हा उपाय नव्हे. तिथे बार्टलेट आतल्या आत पिकत राहते.

थंडी फक्त टिकवायला लागते असंही नाही. पिकण्यासाठी लागणारा इथिलीन वायू पुरेसा तयार करण्याची क्षमता फळाला थंडीतून येते. बार्टलेटला त्यासाठी साधारण दोन-तीन आठवडे लागतात, कोमिसला महिना, आंजूला दोन महिने. ही थंडी न मिळालेलं फळ उबेत ठेवलं तर एकसारखं मऊ होत नाही. उलट मुक्काम फार लांबला तर साल काळवंडते आणि पिकण्याची ताकदच जाते.

बाहेर काढल्यावर 18 ते 21 अंशांवर काही दिवस ठेवावं. तिशीच्या वर ते नीट पिकत नाही. मानेपाशी अंगठा हलकेच दबला की खायला तयार. आशियाई, कुरकुरीत जाती मात्र झाडावरच पिकतात, त्यांना असं थंडीनंतर उबेत पिकवावं लागत नाही.

पेटीवर जात, तोडणीची तारीख आणि गर शून्यावर आल्याची तारीख, तिन्ही छापण्याची पद्धत पडावी. विक्रेत्याला फळ कधी उबेत काढायचं ते त्यावरून कळेल.

आपला,
एक वाचक