‘हात लावू का?’ असं विचारणाऱ्या सिस्टरना

सिस्टर, नमस्कार.

नाव लिहीत नाही, तुम्हाला आवडायचं नाही. पण बाळाला अंगावर पाजायला शिकवलंत त्याचे आभार जाहीरच मानायचेत, कारण तुमच्या आधीचं सगळं जाहीरच चाललं होतं. पडदा न ओढता येईल त्यानं छाती दाबून बघायची आणि ‘निपल चपटं आहे, पावडरचा डबा आणा’ म्हणून पुढे जायचं. बाळाचं डोकं मागून रेटायचं, ते मान ताठ करून उलटं रेटणारच, की त्यालाच शेरा: ‘आळशी आहे.’

तुम्ही स्टूल ओढून बसलात आणि विचारलंत, “हात लावू का?” सिझरच्या ओल्या टाक्यांच्या बाईला हे विचारायचं असतं, हे तोवर कुणाच्या गावीही नव्हतं. शिक्षण पुष्कळांकडे असतं हो, ही रीत कमी जणांकडे असते.

मग बाळ काखेखाली, पाय पाठीकडे, म्हणजे टाक्यांवर भार नाही. तळहात त्याच्या खांद्यांखाली, डोकं मोकळं. नाक निपलसमोर. वरच्या ओठाला निपल घासायचं आणि थांबायचं. जांभईएवढा आ झाला की आधी हनुवटी टेकवायची. खालचा ओठ बाहेर वळलेला, निपलभोवतीचा काळा भाग खालून कमी आणि वरून जास्त दिसणारा. बाळ चोखतं ते स्तन, नुसतं निपल नव्हे, एवढं सोपं कुणी सांगितलंच नव्हतं! चिमटा बसला तर ओढायचं नाही, ओठाच्या कोपऱ्यातून करंगळी घालून सोडवायचं आणि पुन्हा धरवायचं.

चपट्या निपलसाठी 10 मिलीची नवी सिरिंज: सुईकडचं टोक कापायचं, दट्ट्या कापलेल्या बाजूनं घालायचा, गुळगुळीत कड छातीला, पाजण्याआधी अर्धा-एक मिनिट दट्ट्यानं निपल हलकेच बाहेर ओढायचं. तिसऱ्या दिवशी छाती दगड झाली की निपलभोवती बोटांनी मिनिटभर आत दाबून काळा भाग मऊ करायचा. ताणलेला भाग बाळाच्या तोंडात मावत नाही. बाळ नीट धरेपर्यंत चीक, म्हणजे पहिलं घट्ट दूध, हातानं पिळून चमच्यानं. पहिल्या दिवशी एका वेळी 2 ते 10 मिली पुरतो, म्हणजे ‘दूधच नाही’ म्हणणाऱ्यांचा हिशेबच चुकला होता.

आणि मधाचं बोट पुढे करणाऱ्या आमच्या सासूबाईंना आवाज न चढवता ‘वर्षाच्या आत मध नाही’ म्हणालात, त्याचे आभार वेगळे. त्या अजून रुसलेल्या आहेत.