गणित-अर्थशास्त्राची जोडी बास्केटमध्येच अडकली

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बारावी कॉमर्सच्या गणितात डेरिव्हेटिव्हच्या (बदलाच्या दराच्या) उपयोगांचं प्रकरण आहे. त्यात मागणीची लवचिकता, म्हणजे किंमत बदलली की त्या मानाने मागणी किती बदलते, हे काढायला येते. मागणीचं सूत्र दिलेलं असतं, त्याचा डेरिव्हेटिव्ह घ्यायचा, किंमत भागिले मागणीने गुणायचं आणि पुढचं उणे चिन्ह विसरायचं नाही. पुढच्या तासाला तीच मुलं अर्थशास्त्राच्या वर्गात बसतात आणि तीच लवचिकता शेकडा बदलाच्या व्याख्येने, पाच प्रकारांच्या पाच आकृत्यांसह पाठ करतात. हे दोन्ही एकच आहे, हे मला दरवर्षी फळ्यावर दाखवावं लागतं, आणि दरवर्षी कुणीतरी विचारतंच, ‘मॅडम, मग हे आधी का नाही सांगितलं?’

बारावीपर्यंत हे निभावून जातं, पदवीला जात नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार 2024-25 पासून संलग्न महाविद्यालयांतही मेजर-मायनर पद्धत, म्हणजे एक मुख्य विषय आणि एक जोडविषय घेण्याची पद्धत आली. मायनर विषय मेजरच्याच विद्याशाखेतला हवा, असं बंधन त्यात नाही. म्हणजे अर्थशास्त्र मेजर आणि गणित मायनर घ्यायला नियमाची आडकाठी नाही. प्रत्यक्षात काय झालं ते सांगते. निफाड तालुक्यातली माझी एक माजी विद्यार्थिनी शहरातल्या एका महाविद्यालयात अर्थशास्त्राला गेली. मायनरला गणित मागितलं, तर ‘ते बास्केटमध्ये नाही’, म्हणजे महाविद्यालय देत असलेल्या विषयांच्या यादीत नाही, असं उत्तर मिळालं. खोदून विचारल्यावर कळलं की दोन्ही विभागांचे तास एकाच वेळी आहेत आणि वेळापत्रक बदलायला कुणी तयार नाही. शेवटी मायनर म्हणून तिच्या पदरात जो विषय पडला, तो शिकवणारे शिक्षक त्या वेळेला मोकळे होते, एवढीच त्याची पात्रता!

या मुलीच्या घरी कांद्याची चाळ आहे. तिला गणित का हवं होतं, हे त्यावरून समजावं. यंदा भाव चढला की पुढच्या हंगामात लागवड वाढते, माल एकदम बाजारात येतो, भाव कोसळतो, मग लागवड घटते आणि भाव पुन्हा चढतो. अर्थशास्त्रात याला कॉबवेब सिद्धांत म्हणतात. निकोलस काल्डोर यांनी 1934 मध्ये त्याला हे नाव दिलं. बी.ए.ला त्याची आकृती काढली की गुण मिळतात. पण भावाचे हे झोके विरत जातील की वाढत जातील, हे ठरतं एका साध्या डिफरन्स इक्वेशनवर, म्हणजे यंदाच्या भावावरून पुढच्या हंगामाचा भाव काढणाऱ्या समीकरणावर. भाव बदलल्यावर पुरवठा जेवढा हलतो त्यापेक्षा मागणी जास्त हलत असेल, तर बाजार हळूहळू स्थिरावतो. उलट असेल तर प्रत्येक फेरी आधीपेक्षा वाईट. खऱ्या कांद्याचं प्रकरण याहून गुंतागुंतीचं. खरीप, रांगडा आणि उन्हाळ असे तीन हंगाम, चाळीत महिनोन्‌महिने ठेवलेला माल, आणि वर 8 डिसेंबर 2023 सारखी रातोरात आलेली निर्यातबंदी. हे सगळं एका मांडणीत बसवायचं तर मॅट्रिक्स (आकड्यांचे चौकोनी तक्ते) आणि आयगेनव्हॅल्यू (झोके विरतील की वाढतील ते सांगणारे त्या तक्त्यांचे आकडे) लागतात. लासलगावच्या रोजच्या भावांवर रिग्रेशन चालवायचं, म्हणजे कशाचा भावावर किती परिणाम होतो ते आकड्यांतून काढायचं, तर संख्याशास्त्र लागतं. ते आकृतीत मावत नाही.

मायनरला साधारण 20 क्रेडिट (श्रेयांक), म्हणजे चार-चार क्रेडिटचे पाच पेपर मिळतात. ते कोणते असावेत, याबद्दल माझं मत ठाम आहे. पहिल्या वर्षी एका चलाचं कॅल्क्युलस आणि लिनिअर अल्जिब्रा, म्हणजे मॅट्रिक्सचं गणित. दुसऱ्या वर्षी अनेक चलांचं कॅल्क्युलस, अगदी लाग्रांजच्या गुणकांपर्यंत, म्हणजे ठरलेली अट पाळून कमाल-किमान काढण्याच्या रीतीपर्यंत. कारण ग्राहकाचा समतोल म्हणजे खिशात आहे तेवढ्या पैशांत जास्तीत जास्त उपयोगिता मिळवण्याचं गणितच आहे. त्याच वर्षी प्रोबॅबिलिटी आणि संख्याशास्त्र. इकॉनॉमेट्रिक्स (आर्थिक आकडेवारीचं संख्याशास्त्र) मेजरमध्ये असतंच, पण ते यानंतरच यावं. आधी आलं तर मुलं एक्सेलमधून निघालेला आकडा वहीत उतरवतात, तो कुठून आला ते त्यांना सांगता येत नाही. पाचवा पेपर रिअल ॲनालिसिसचा, म्हणजे कॅल्क्युलसच्या काटेकोर सिद्धतांचा. अर्थशास्त्राचे काही प्राध्यापक यावर नाकं मुरडतील, पण सगळ्या बाजारांत एकाच वेळी समतोल असू शकतो हे केनेथ ॲरो आणि जेरार्ड डेब्रू यांनी 1954 मध्ये दाखवलं, ते फिक्स्ड पॉइंटच्या, म्हणजे जागचा न हलणारा बिंदू कधी असतो ते सांगणाऱ्या, प्रमेयाच्या जोरावरच. फक्त हा पेपर पहिल्याच सत्रात लादू नये. एप्सिलॉन-डेल्टाच्या, म्हणजे त्यातल्या काटेकोर व्याख्यांच्या, धास्तीने गणित सोडून गेलेली चांगली मुलं मी पाहिली आहेत.

दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्राच्या बी.ए. ऑनर्सला जायचं तर सीयूईटी या केंद्रीय प्रवेश परीक्षेत गणित द्यावंच लागतं. इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेत तर गणिताचा एक अख्खा पेपर असतो. आपल्याकडे दहावीनंतर गणिताला रामराम ठोकलेला विद्यार्थीही अर्थशास्त्र मेजर घेतो. घेऊ दे, त्याला माझी हरकत नाही. तो दरवाजा बंद करा असं मी म्हणत नाही. पण ज्याला गणितासकट अर्थशास्त्र शिकायचंय, त्याला नाशकातही दुसरा दरवाजा हवा. पुण्यात गोखले संस्थेत बी.एस्सी. अर्थशास्त्र आहे, हे मला ठाऊक आहे. पुण्याच्या हॉस्टेलचा खर्चही ठाऊक आहे.

कॉलेज रोड, गंगापूर रोड या पट्ट्यात कला, विज्ञान आणि वाणिज्य महाविद्यालयं एकमेकांपासून फार लांब नाहीत. सगळ्यांनी मिळून सकाळचा एक तास गणिताच्या मायनरसाठी राखला, तर एकाच ठिकाणी वर्ग भरवता येईल. एकीकडे मिळवलेले क्रेडिट दुसरीकडे धरण्यासाठी क्रेडिट बँक 2021 पासून आहेच. कॉमर्सकडून येणाऱ्या मुलांसाठी सुरुवातीला छोटा ब्रिज कोर्स लागेल, कारण त्यांच्या अकरावी-बारावीच्या गणितात त्रिकोणमिती नाही. तो घ्यायला आम्ही कनिष्ठ महाविद्यालयातले शिक्षक सुट्टीत येऊ, मानधनाचं नंतर बघू.

तोवर निदान एवढं तरी व्हावं. प्रवेश सुरू होण्याआधी प्रत्येक महाविद्यालयाने एक तक्ता फलकावर लावावा: कोणत्या सत्रात कोणता पेपर, त्याआधी कोणता पूर्ण झालेला हवा, आणि मायनरला किमान किती मुलं आली तर वर्ग चालवणार. हा शेवटचा आकडा जूनमध्ये नको, एप्रिलमध्येच सांगा. तेवढी मुलं आम्हीच जमवून देतो.

– कनिष्ठ महाविद्यालयातील एक गणित शिक्षिका, नाशिक रोड